कवटीवरचा शेंदूर

गुरुवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास स्वानंदी लेले फोनवर तीन शब्द बोलून गेली. "हो, गोळीच आहे." शनिवारी संध्याकाळी तिला कळलं, की ते तीन शब्द चुकीचे होते आणि ते मागे घ्यायला रविवारी सकाळी नऊपर्यंतचाच वेळ आहे. नऊ वाजता कुंडलच्या पलीकडच्या हिंगणवाडीत एक बाहत्तर वर्षांची बाई त्या तीन शब्दांवर विसंबून कपाळाचं कुंकू पुसणार होती.

स्वानंदी मूळची वाईची, वय चोवीस. पुण्यात मानवशास्त्रात एम.एस्सी. करताना हाडांवरून माणूस ओळखायचा विषय तिने घेतला आणि वर्षभरापूर्वी सांगलीच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात, शरीररचना विभागात नोकरीला लागली. विभागप्रमुख डॉ. विष्णुपंत साठ्ये यांच्याकडे आसपासच्या पोलीस ठाण्यांतून कधीमधी हाडं येत. विहिरीत सापडलेली, उसात सापडलेली. पुरुष की बाई, वय किती, उंची किती, एवढं सांगितलं की काम संपलं. जुलैत आलेल्या गोणपाटाबरोबर मात्र एक नावही आलं. नाथाजी.

नाथाजी हिंगणवाडीचा. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झालेल्या चौघांपैकी एक. त्रेचाळीस साली एका पहाटे पोलिसांनी ओढ्याकाठच्या खोपीला वेढा घातला. तिघे सापडले. चौथा नाथाजी त्या दिवशी सापडला नाही, आणि नंतरही कधी दिसला नाही. सापडलेल्यांपैकी दोघे तुरुंगातून आजारी होऊन आले आणि वर्षा-दोन वर्षांत गेले. उरले लालासाहेब. आता ते शहात्तर वर्षांचे होते आणि गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं. नाथाजी फितूर झाला, त्यानेच जागा दाखवली, असं लालासाहेबांनी सुटून आल्यावर सांगितलं, आणि हिंगणवाडीपुरती ती काळ्या दगडावरची रेघ झाली.

नाथाजीची बायको रंगूबाई तेव्हा अठरा वर्षांची होती. प्रेत नाही म्हणून विधवा नाही, आणि फितुराची बायको म्हणून हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही, अशी ती मधल्या मधे राहिली. बारा वर्षं उलटल्यावर भाऊबंद म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देऊ, म्हणजे सगळ्यांची सुटका. "पाल्यासाठी कुंकू पुसाय मी काय शेरडी हाय?" असं म्हणून तिने त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

मग सत्त्याण्णवच्या जूनअखेरीस, रंगूबाईच्या दिराचा नातू वीरधवल फौजेतून सुट्टीवर आला. पाणी उपसायच्या पाइपलाइनसाठी ओढ्याकाठी चर खणताना त्याला हाडं लागली. जुन्या खोपीपासून जेमतेम चाळीस पावलांवर. कवटीत, उजव्या कानामागे, एक भोक होतं. गाव धावलं. नाथाजी त्याच पहाटे गोळी लागून तिथेच पडला असेल, तर तो फितूर कसा? पोलिसांनी पंचनामा केला, पन्नास वर्षांपूर्वीच्या हाडांत त्यांना काही रस नव्हता, आणि एका पत्रासकट गोणपाट सांगलीला आलं.

स्वानंदीने काम मन लावून केलं, निदान तिला तसं वाटलं. कटीच्या हाडावरून पुरुष. वय पंचवीस ते तीस. मांडीच्या हाडावरून उंची पाच फूट सहा इंच. हाडं चहाच्या रंगाची, म्हणजे कित्येक वर्षं मातीत होती. वीरधवलने भरून दिलेल्या फॉर्मवर नाथाजीचं वय सव्वीस होतं. भोक बाहेरून लहान आणि आतून पसरट होतं, गोळी आत शिरताना होतं तसं. कडेला तांबूस डाग होता, वहीत तिने लिहिलं, "गंज?" मग कवटीचा एक्स-रे काढला. भोकाभोवती पांढरे शुभ्र ठिपके उमटले होते, आभाळात चांदण्या विखुराव्यात तसे. एक्स-रेमध्ये हाडापेक्षा पांढरं दिसणारं काय असतं? शिसं. गोळीत काय असतं? शिसं. फिल्म अजून ओलीच होती, तेवढ्यात फोन वाजला आणि पलीकडून वीरधवलचा आवाज आला, "मॅडम, काय समजलं का?"

शनिवारी दुपारी तो जीप घेऊन हाडं न्यायला आला. फोटोचा रोल खराब निघाल्यामुळे स्वानंदीने कवटी ठेवून घेतली, रविवारी सकाळी स्वतः आणून देते म्हणाली.

"उशीर करू नका, मॅडम," वीरधवल म्हणाला. "उद्या अमावस्या हाय. नवाला ओढ्यावर विधी. आदी थोरल्या आज्जीच्या बांगड्या, मग अग्नी. लालासाहेबांनी सुदिक मान्य केलंय बघा. नऊ ऑगस्टला चळवळीतल्या मान्सांचा स्तंभ उघडायचा, त्यावर नाव कोरू म्हणाले." मग जीपचं दार लावता लावता म्हणाला, "आज्जी हसली, मॅडम. मी जल्मात पहिल्यांदा बघितलं."

त्या संध्याकाळी शनिवार म्हणून स्वानंदी गल्लीच्या टोकाच्या मारुतीला गेली. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला आणि तिची बोटं मूर्तीला टेकली. खोलीवर येऊन तिने हात धुतले. शेंदूर निघाला नाही. पाणी त्यावरून नुसतं घरंगळत होतं, कारण तो तेलात कालवलेला होता. वरचा थर गेला तरी बोटांच्या रेघारेघांत तो तांबूस होऊन बसला होता.

तिने बोटं दिव्याजवळ धरली. तो रंग तिने या आठवड्यात पाहिला होता. पाहून त्याला नावसुद्धा दिलं होतं.

शेंदूर म्हणजे काय, हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात असतं. शिशाचं भस्म. शिसं.

विभागाची किल्ली तिच्याकडे होती. कॉलेजच्या आवारातच राहणाऱ्या साठ्ये सरांना तिने हाक मारून आणलं. दिव्याखाली कवटी ठेवली, कापसाचा बोळा ईथरमध्ये बुडवला आणि भोकाच्या कडेवरून फिरवला. बोळा केशरी झाला. दुसरा झाला, तिसरा झाला. चौथा बोळा जवळजवळ पांढरा निघाला, आणि त्याखालची हाडाची कड उघडी पडली. ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी.

सरांनी कड भिंगातून बघितली. "सांग," ते म्हणाले.

"कवटी सगळी चहाच्या रंगाची आहे. भोक पन्नास वर्षांपूर्वीचं असतं, तर कडही तशीच मुरली असती. ही कड ताजी आहे." तिने बोळा खाली ठेवला. "खणताना टिकाव लागला, सर. टिकावाच्या टोकानेही आतली बाजू अशीच फुटते. मग देव निघाला म्हणून त्यांनी शेंदूर लावला असणार. नंतर धुतला, पण जिथे खरबरीत होतं तिथे राहिला. कडेला. म्हणून ठिपके भोकाभोवतीच आले."

"आणि शेंदराखाली ताजी कड झाकली गेली." सरांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे त्यांनी लावला भक्तीने, आणि तू वाचलास घाईने. लेखी काही दिलंयस?"

"नाही. फोनवर बोलले."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला." सर रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं, ते नुसतेच दमल्यासारखे बोलले. "मी चिठ्ठी देऊ शकतो. पण हे चिठ्ठीने निस्तरणारं नाही. तूच जा."

हिंगणवाडीत फोन एकच होता, दूध डेअरीत. चौकातल्या बूथवरून स्वानंदीने नऊ वेळा लावला. रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं.

रविवारी सव्वासहाची एसटी पावणेसातला सुटली. कवटी कापसात गुंडाळून तिने पत्र्याच्या डब्यात ठेवली होती आणि डबा मांडीवर घेतला होता.

"ताई, डबा वर टाका की," कंडक्टर म्हणाला.

"नको, मांडीवरच राहू दे."

"काय, काचसामान हाय व्हय?"

"तसंच समजा."

"एवढं जपताय, तर त्याचं बी अर्धं फाडू का?" दोन-तीन जण हसले. स्वानंदीही हसली आणि तिने डबा आणखी जवळ ओढला.

कुंडलला उतरली तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. हिंगणवाडीची गाडी अमावस्येच्या बाजारामुळे दुसरीकडे वळवली होती. रिकामे कॅन घेऊन निघालेल्या दुधाच्या टेम्पोत तिला जागा मिळाली. वाटेत ओढ्याच्या फरशीवर पाणी होतं. ड्रायव्हर उतरला, काठी घालून खोली बघितली, विडी पेटवली, पुन्हा बघितली. तिने घड्याळात पाहिलं. बोलण्याचा आपला हक्क या आठवड्यापुरता संपला आहे, असं तिला वाटत होतं.

गावाबाहेर ओढ्यालगत ताडपत्री ताणली होती. शंभरेक माणसं होती. एका बाजूला लाकडं रचलेली, त्यांच्याजवळ पाटावर पांढऱ्या फडक्यात बांधलेली हाडं. दुसऱ्या बाजूला बायकांच्या घोळक्यात रंगूबाई बसली होती. काटक, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा उजवा हात तिची जाऊ बनुबाईच्या मांडीवर होता आणि बनुबाईच्या हातात ओढ्यातला गुळगुळीत गोटा होता. डाव्या हातात बांगड्या नव्हत्या. हिरव्या काचा मातीवर पडल्या होत्या.

"थांबा!" स्वानंदी ओरडली. एवढ्या मोठ्याने ती आयुष्यात ओरडली नव्हती. "थांबा, अजून फोडू नका!"

वीरधवल पुढे आला. तिने त्याला बाजूला घेतलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"टिकाव माझाच व्हता," तो म्हणाला. "कट्ट झालं. मला वाटलं दगूड." मग त्याने मागे, लोकांकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मॅडम, तुमची गाडी चुकली असं समजा. आजचा दिवस. तो डबा द्या माझ्याकडं. उद्या तुमी रिपोर्ट काय बी लिवा, हिकडं कोन वाचतंय? तिनं चोपन्न वर्सं काडली. आज लालासाहेब स्वतः हार घेऊन आल्यात. कुनाचं वाईट हुतंय ह्यात?"

खरोखरच कोणाचं वाईट होत होतं? तिने बनुबाईच्या हातातल्या गोट्याकडे पाहिलं.

"त्यांचं," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं, त्या पाल्यासाठी कुंकू पुसायला तयार नव्हत्या. मी त्यांना पालाच दिलाय."

वीरधवलने मान खाली घातली आणि वाट सोडली.

तिने सगळ्यांसमोर सांगितलं. सोप्या शब्दांत सांगायचं तिने बसमध्ये पाठ केलं होतं, त्यातलं निम्मं विसरली. डबा उघडून कवटीची कड दाखवली. बाकीचं हाड किती काळं आहे, कड किती पांढरी आहे. शेंदराने फोटोत शिसं दिसलं. गोळीचा काहीही पुरावा नाही. "चूक माझी आहे. तुमची नाही. मी न तपासता बोलले."

"शेंदूर मी लावला," बनुबाई हळूच म्हणाली. "हाडं निघाली, म्हनलं कोन असंल कोन न्हाई, उघडा कसा ठेवायचा?"

लालासाहेब खुर्चीवर बसले होते. पांढरं धोतर, हातात काठी, मांडीवर झेंडूचा हार. त्यांनी तो हार शांतपणे खुर्चीच्या हाताला अडकवला.

"बेस्तरवारी गोळी, ऐतवारी टिकाव," ते म्हणाले. "मंगळवारी काय निघंल, ताई? न्हाई, म्हंजे आमाला मांडव ठेवायचा का काढायचा, ते कळाय पायजे."

लोक हसले. हसण्यात सुटल्याचा सूर होता, आणि तोच स्वानंदीला जास्त लागला. गोळी नाही म्हणजे जुनंच खरं, असं त्यांनी मनात मांडूनही टाकलं होतं.

रंगूबाई हसली नाही. तिने बनुबाईच्या मांडीवरून हात काढून घेतला. "हिकडं ये, पोरी. म्हंजे ह्यो त्ये न्हवं?"

"तेही सांगता येत नाही. असतील, नसतीलही. वय जुळतं, उंची जुळते. पण तेवढं शंभर जणांचं जुळेल."

"ह्यापरास गोळी बरी व्हती की गं," रंगूबाई म्हणाली. "काय तरी एक व्हती."

स्वानंदी तिच्यासमोर मातीतच बसली. पिशवीतून वीरधवलने भरलेला फॉर्म काढला. जुन्या जखमा, मोडलेली हाडं, दातांची खूण: सगळ्या रकान्यांत "माहीत नाही" होतं. वीरधवलचा जन्म एकोणसत्तरचा. तिने फॉर्म बघितला होता आणि बाजूला ठेवला होता. घरच्या पुरुषाने भरला म्हणजे भरला.

"माझी अजून एक चूक आहे, आजी. मी नातवाला विचारलं, पोलिसांना विचारलं. तुम्हाला काहीच विचारलं नाही."

"मला कोन इचारतंय?"

"मी विचारते. त्यांचं कुठलं हाड कधी मोडलं होतं का?"

रंगूबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात स्वानंदीने हात वर केला. "थांबा. आता सांगू नका."

ती उठली आणि लालासाहेबांच्या खुर्चीपाशी गेली. वही आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. "तुम्ही लिहाल का? आजी सांगतील ते, जसंच्या तसं. फडकं अजून बांधलेलं आहे. त्यांनी हाडं पाहिलेली नाहीत. आधी लिहायचं, मग उघडायचं."

"मीच का?"

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही म्हणून. आणि तुम्ही लिहिलेलं गाव नाकारणार नाही."

म्हाताऱ्याने तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. चष्मा लावला. पेन घेतलं. "सांग, रंगू."

रंगूबाईने पदर पुढे ओढला. शंभर माणसांत नवऱ्याच्या अंगाविषयी बोलायचं होतं. नाव तर ती आजही घेणार नव्हती.

"लगीन झालं त्या साली," ती म्हणाली. "औंधाला यमाईच्या जत्रंत कुस्तीला गेलं व्हतं. डाव्या खांद्यावर पडलं. हितलं हाड मोडलं." तिने गळ्याखाली, खांद्याकडे जाणाऱ्या हाडावर बोट ठेवलं. "माणदेशातनं एक हाडवैद्य आनला, त्यानं काय बांधलं त्याचं त्याला ठावं. हाड एकावर एक चढून बसलं. वरनं दिसायचं न्हाई, बंडी असायची अंगात. पन..." ती थांबली. "हात लागला की बोटाला गाठ लागायची. बोरायेवढी. मला आंधारात बी घावायची. आता हे कुनाला सांगायचं असतं व्हय?"

बायकांत कोणीतरी पदरात हसलं. लालासाहेब लिहीत होते, आणि लिहिता लिहिता थांबले.

"खरं हाय," ते म्हणाले, जसं काही स्वतःशीच. "औंधचं मैदान. मीच खांद्यावर टाकून आनला व्हता त्याला." मग त्यांनी वाक्य पुरं केलं आणि खाली सही केली.

आता स्वानंदीला आपली वही आठवली. गळ्याजवळची ती दोन्ही हाडं, जत्रुकं, तिच्या टेबलावर तीन आठवडे होती. चिखलाने लडबडलेली. वहीत तिने लिहिलं होतं, "स्वच्छ करणे बाकी". मग कवटीत ठिपके दिसले आणि ते बाकीच राहिलं. त्या चिखलाखाली काय आहे, हे आत्ता या ओढ्यावर कोणालाच माहीत नव्हतं. तिलाही नाही.

तिने फडक्याची गाठ सोडली. डावं हाड शोधलं, वळण आणि टोकं दोनदा तपासून डावंच असल्याची खात्री केली. वीरधवलने तांब्यात पाणी आणलं. पिशवीतल्या मऊ ब्रशने ती एका टोकाकडून माती सोडवू लागली. मधोमध मातीचा एक फुगीर गड्डा चिकटला होता, बोराहून थोडा मोठा. लोक पुढे सरकले. तिच्या मानेवर त्यांचा श्वास लागत होता. "हाय, हाय, गाठ हाय!" मागून कोणीतरी म्हणालं.

तिने ब्रश खाली ठेवला आणि पाण्याची धार सोडली. गड्डा भिजला, सैल झाला, ओघळला. त्याखाली हाड होतं. गुळगुळीत, एका लयीत वळलेलं, वेलीच्या तुकड्यासारखं. गाठ नाही, सांधा नाही, रेघसुद्धा नाही.

ती थांबली नाही. माणसाची आठवण डाव्या-उजव्यात चुकू शकते, म्हणून तिने उजवंही धुतलं. तेही तसंच.

"मोठ्या माणसाचं हाड चढून बसलं, तर पाच-सात वर्षांत ते असं सरळ होत नाही," ती म्हणाली. "हे नाथाजी नव्हेत. हे मी आता खात्रीने सांगते. लेखी देते."

दोन्ही हाडं तिने रंगूबाईच्या ओंजळीत ठेवली. रंगूबाईने डोळे मिटले आणि अंगठा डाव्या हाडावरून सावकाश फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा एकदा मागे आणला.

"न्हाई," ती म्हणाली. "हे माझं न्हाई."

वीरधवल तोंड फिरवून ओढ्याकडे बघत उभा राहिला. माणसं आपापसांत कुजबुजू लागली. दोघे-तिघे चपला शोधू लागले. लालासाहेबांनी वही मिटली.

"झालं तर मग," ते म्हणाले. "स्तंभाचं जे ठरलं व्हतं तेच. मला वाईट वाटतंय, रंगू. पन खरं ते खरं."

"बसा," रंगूबाई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण चपला शोधणारे थांबले. हिंगणवाडीत लालासाहेबांना बसा म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. ते बसले.

"ही पोरगी सांगलीस्नं आली. एक चुकीचा शबुद बोलली व्हती, तो शंभर मान्सांत माघारी घ्याया. गप बसली असती तर कुनाला कळलं नसतं. काय बगितलं, काय न्हाई बगितलं, समदं वेगळं करून सांगितलं तिनं." तिने हाडं फडक्यावर ठेवली आणि हात झटकले. "आता तुमी सांगा, आवं. ह्येंनी जागा दाखवली, हे तुमी डोळ्यांनी बगितलं का?"

"रंगू, हे आता..."

"बगितलं का?"

लालासाहेबांनी काठी पायांमध्ये रोवली. ताडपत्रीवर थेंब वाजू लागले होते, तरी कोणी हललं नाही. "न्हाई," ते शेवटी म्हणाले.

"मग कुनी सांगितलं?"

हे कोणी त्यांना चोपन्न वर्षांत विचारलं नव्हतं. स्वानंदीला वाटलं ते रागावतील, उठून जातील. पण ते समोरच्या मातीकडे बघत होते, आणि त्यांना माती दिसत नसावी.

"फौजदारानं," ते म्हणाले. "कोठडीत. तिसऱ्या दिवशी. पाय सुजलं व्हतं, उभं ऱ्हाता येत नव्हतं. म्हनाला, तुमच्या नाथाजीनंच दाखवलं, तू कशाला मार खातूस. तवा..." त्यांनी चष्मा काढला. "तवा ते खरंच वाटलं. आमी तिगं आत, ह्यो एकलाच भाईर. दुसरं काय वाटनार?"

"फौजदार म्हनला, आन तुमी मानलं."

"मानलं."

"आन गावाला सांगताना, फौजदार म्हनला, असं सांगितलं?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "न्हाई. ते ऱ्हायलं."

रंगूबाईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. खूप वर्षं अडलेलं दार उघडल्यावर आत काही नसावं, तसं काहीतरी होतं. "मला दगडावर नाव नगं. दगूड तुमचा. त्ये कुठं गेलं, मेलं का जगलं, मला बी ठावं न्हाई. मी बी न्हाई बगितलं." तिने स्वानंदीकडे वळून विचारलं, "वहीत जागा हाय का गं अजून?"

"आहे."

"मग लिवू दे त्येंना. आत्ता बोललं ते."

स्वानंदीने वही पुन्हा लालासाहेबांच्या मांडीवर उघडून ठेवली. ते लिहू लागले, सावकाश, एकेक अक्षर टेकवत. दोन ओळी झाल्या. सही झाली. त्यांनी वही तिच्याकडे पुढे केली, पण रंगूबाई म्हणाली, "तिच्याकडं नंतर. आदी वाचा. हुबं ऱ्हाऊन, मोठ्यानं. त्या कडंच्या मान्सांना ऐकू गेलं पायजे."

लालासाहेब काठीवर भार देऊन उठले आणि वाचू लागले.